विश्लेषण : सोयाबीनचे मूळ मित्रजिवाणू ओळखते तरी कसे?

खामगाव तालुक्यात मृगाचा पाऊस बरसला की कृषी सेवा केंद्रांवर गर्दी उसळते. बियाण्याची थैली, डीएपीची गोणी आणि जमलेच तर एक छोटे पाकीट. काळसर भुकटीचे, २५० ग्रॅम वजनाचे, रायझोबियम जिवाणू संवर्धकाचे. बियाणे आणि खताच्या खर्चापुढे या पाकिटाची किंमत अगदीच किरकोळ. बहुधा त्यामुळेच त्याकडे कुणी फारसे लक्ष देत नाही. कुणी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतो, सावलीत वाळवतो आणि पेरतो. कुणी ‘यंदा राहू दे’ म्हणून तसेच तिफणीला लावतो.

चिमूटभर काळ्या मातीत कोट्यवधी जिवाणू आणि बुरशीचे धागे असतात. त्यातले काही मूळ कुजवतात, बरेचसे झाडाच्या कामाचे नसतात. या गर्दीतून सोयाबीनचे मूळ नेमके एका जातीच्या जिवाणूला ओळखते, त्याला आत घेते, राहायला गाठ बांधून देते आणि साखर पुरवते. त्याबदल्यात तो हवेतले नत्र झाडाला देतो. झाडाला डोळे नाहीत, नाक नाही, मेंदू तर नाहीच. मग ही ओळख पटते कशी? याचे उत्तर मुळाच्या पेशींवरच्या एका प्रथिन-कुळात आहे. शास्त्रज्ञ त्याला ‘रिसेप्टर-लाइक कायनेज’ म्हणतात. मराठीत ग्राही कायनेज म्हणू. शेतकऱ्याच्या खताच्या हिशेबाशी या कुळाचा थेट संबंध आहे.

पाकिटावर पिकाचे नाव का असते?

रायझोबियमचे पाकीट घेताना ते सोयाबीनचे आहे की हरभऱ्याचे, हे पाहून घ्या, असे कृषी सहायक दरवर्षी सांगतात. रब्बीतले हरभऱ्याचे उरलेले पाकीट खरिपात सोयाबीनला लावले तर चालत नाही. मुदत संपते हे एक कारण झाले. ताजे असते तरी चालले नसते, हे त्याहून महत्त्वाचे. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम लागतो, हरभऱ्याला मेसोरायझोबियम. दोघेही नत्र स्थिर करणारेच, पण हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनच्या मुळाशी आला तरी मूळ त्याला ओळख देत नाही.

विदर्भात हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो, कारण सोयाबीन हे इथले मूळ पीक नाही. खामगावची ओळख कपाशीची. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते इथल्या कापूस बाजाराला जोडणारा जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला, तो कापसासाठीच. सोयाबीन या शिवारात पसरले ते गेल्या तीन-चार दशकांत, ज्वारी आणि कपाशीची जागा घेत. तूर, मूग, उडीद पिढ्यान्‌पिढ्या पिकत असल्याने त्यांचे सोबती जिवाणू मातीत होते. सोयाबीनच्या सोबत्याला मात्र पाकिटातून आणावे लागले. ज्या शेतात दरवर्षी सोयाबीन होते तिथे तो थोडाफार टिकून राहतो. ज्या शेतात हे पीक पहिल्यांदाच घेतले जाते किंवा बऱ्याच वर्षांनी परतते, तिथे पाकिटाचा उपयोग सगळ्यात ठळक दिसतो.

ग्राही कायनेज म्हणजे काय?

पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. ग्राही कायनेज हे प्रथिन या पडद्यात आरपार बसलेले असते. त्याचा एक भाग बाहेर, एक आत. बाहेरच्या भागाचा आकार ठरावीक असतो, त्यात ठरावीक रेणूच बसतो. तो बसला की आतल्या भागात हालचाल होते. आतला भाग म्हणजे ‘कायनेज’. त्याचे काम एकच : पेशीतल्या एटीपीकडून फॉस्फेट घ्यायचे आणि शेजारच्या प्रथिनाला चिकटवायचे. फॉस्फेट चिकटले की ते प्रथिन कामाला लागते, ते पुढच्याला कामाला लावते, आणि अखेर निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचून नवी जनुके चालू किंवा बंद होतात. वाड्याच्या दाराला बाहेरून कडी वाजावी आणि आत ओसरी, माजघर, स्वयंपाकघर अशी वर्दी जावी, तसे.

एरवी ही ग्राही एकेकटी क्वचितच काम करतात. बाहेरचा रेणू आला की दोन ग्राही जवळ येतात, एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि मगच निरोप पुढे जातो. खोट्या वर्दीने पेशीने धावपळ करू नये म्हणून ही दुहेरी खातरजमा.

वनस्पतींत असे प्रथिन असल्याचा पहिला पुरावा मक्यात मिळाला. १९९० मध्ये जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘नेचर’मध्ये ते वर्णिले. गंमत अशी की मक्यातल्या या प्रथिनाचा बाहेरचा भाग मोहरी-कोबीच्या कुळातल्या एका प्रथिनाशी जुळत होता. त्या कुळातली बरीच फुले स्वतःचे परागकण ओळखून नाकारतात, आणि ते प्रथिन याच नकाराशी निगडित होते. म्हणजे ‘आपला कोण, परका कोण’ हा प्रश्न या संशोधनात पहिल्या दिवसापासून होता.

पुढे प्रयोगशाळेतल्या अराबिडॉप्सिस या छोट्या रोपाचा जनुकसंच वाचून झाला, तेव्हा त्यात या कुळाचे ६०० हून अधिक सदस्य निघाले. भातात ११०० हून अधिक. माणसाच्या शरीरात पेशीबाहेरचा संदेश टिपणारी, याच धर्तीची ‘रिसेप्टर टायरोसिन कायनेज’ ५८ आहेत. आकडा पाहून आश्चर्य वाटेल, पण कारण साधे आहे. जनावर संकट आले की पळते. झाडाला पळता येत नाही. एका जागी उभे राहून ऊन, दुष्काळ, बुरशी, अळी, शेजारचे तण या सगळ्यांना तोंड द्यायचे तर प्रत्येक चाहूल वेगळी ओळखावी लागते. रोपाची उंची ठरवणाऱ्या ब्रासिनोस्टेरॉइड या संप्रेरकाची जाणीवही असेच एक ग्राही कायनेज करून देते. त्यात बिघाड झाला की रोप बुटके राहते. जपानमध्ये पूर्वापार पिकवल्या जाणाऱ्या ‘उझू’ नावाच्या बुटक्या जवात नेमका हाच बदल आहे.

पाहुणा आणि चोर यांच्यात फरक कसा करायचा?

सोयाबीनचे मूळ मातीत काही फ्लेव्होनॉइड रसायने सोडते. ब्रॅडीरायझोबियमला ती ओळखू येतात आणि उत्तरादाखल तो ‘नॉड फॅक्टर’ नावाचा रेणू तयार करतो. फ्रान्समधल्या तुलूझच्या संशोधकांनी १९९० मध्ये अशा रेणूची रचना उलगडली तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. नॉड फॅक्टरचा कणा चार-पाच शर्करा-घटकांच्या साखळीचा असतो. आणि हेच घटक बुरशीच्या पेशीभित्तीतल्या कायटिनमध्येही असतात. खेकड्याचे कवच आणि किड्याची पाठ ज्या पदार्थाची, तोच हा कायटिन.

म्हणजे मुळाशी आलेला मित्र आणि मुळावर चालून आलेली रोगकारक बुरशी, दोघांचेही ओळखपत्र जवळजवळ एकसारखे. नॉड फॅक्टरच्या साखळीच्या एका टोकाला स्निग्धाम्लाचे शेपूट जोडलेले असते, शिवाय काही ठिकाणी छोट्या खुणा असतात. फरक तेवढाच. बुरशीला आत घेतले तर झाड मेले. जिवाणूला हाकलले तर नत्र गेले.

हा फरक करतात ती ‘लायसएम’ प्रकारची ग्राही कायनेज. कायटिनसाठी वेगळी, नॉड फॅक्टरसाठी वेगळी, पण एकाच कुटुंबातली. कायटिन ओळखणारे ग्राही जपानी संशोधकांनी २००७ मध्ये अराबिडॉप्सिसमध्ये शोधले. नॉड फॅक्टरची दोन ग्राही, एनएफआर-१ आणि एनएफआर-५, त्याआधी २००३ मध्ये डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठाच्या गटाने लोटस जपोनिकस या द्विदल रोपात शोधली होती. दोन्ही असल्याशिवाय काम होत नाही. यातल्या एनएफआर-५ चे कायनेज स्वतः निष्क्रिय असते, तरी ते जोडीदार म्हणून लागतेच.

नॉड फॅक्टर या जोडीला येऊन चिकटला की मुळाच्या केसासारख्या पेशीत काय होते, ते पाहण्यासारखे आहे. काही मिनिटांत केंद्रकाभोवती कॅल्शियमचे प्रमाण ठोक्यांसारखे वर-खाली होऊ लागते. मूळरोम टोकाशी वळतो आणि जिवाणूला कवेत घेतो. पेशीभित्ती आतल्या बाजूला वळून एक बारीक नळी तयार होते, तिच्यातून जिवाणू आत सरकतो. दरम्यान मुळाच्या आतल्या थरात पेशींचे विभाजन सुरू झालेले असते. गाठ बांधायला घेतलेली असते, पाहुणा अजून वाटेत असतानाच.

याच साखळीत सिमआरके नावाचे आणखी एक ग्राही कायनेज आहे. कोलकाता विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागात मैत्रेयी दासगुप्ता यांचा गट त्यावर काम करत आला आहे. २०१४ मध्ये या गटाने दाखवले की सिमआरकेचा बाहेरचा भाग काढून फक्त आतले कायनेज ठेवले, तर जिवाणू नसतानाही मुळावर गाठी येऊ लागतात. कडी वाजायच्या आधीच घरात पानं मांडली गेली! बाहेरचा भाग निरोप टिपतो इतकेच नव्हे, एरवी तो आतल्या भागाला आवरून धरतो, असा याचा अर्थ.

सिमआरकेची दुसरी बाजूही आहे. मुळांशी राहून स्फुरद पुरवणाऱ्या मायकोरायझा बुरशीलाही हाच रस्ता लागतो. ती भागीदारी ४० कोटी वर्षांहून जुनी. द्विदलांच्या गाठी त्या मानाने अलीकडच्या, साधारण १० कोटी वर्षांपूर्वीच्या. जुन्या वाटेवरच नवे दार बसवले गेले.

गाठी न धरणारे सोयाबीन

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या दोन कृषिशास्त्रज्ञांनी एक विचित्र सोयाबीन नोंदवले. जिवाणू कितीही घाला, मुळावर गाठच येत नव्हती. हा दोष आनुवंशिक असून एकाच जनुकाशी बांधलेला आहे, एवढे त्यांना संकरातून कळले. ते जनुक काय करते हे कळायला मार्ग नव्हता. तरी हे वाण फेकून दिले गेले नाही. त्याचा एक छान उपयोग होता. गाठी धरणारे आणि न धरणारे सोयाबीन शेजारी-शेजारी पेरायचे आणि दोघांतले नत्र मोजायचे. फरक निघेल तेवढे नत्र हवेतून आले. जगभर ही मोजणी अशा जोड्यांवर झाली.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या वाणातला दोष शोधून काढला. बिघडले होते ते एनएफआर-१, नॉड फॅक्टरचे ग्राही. जिवाणू ठीक, माती ठीक, मूळ ठीक. फक्त दारावरची कडी तुटलेली. तब्बल ५७ वर्षांनी उलगडा झाला. याच गटाने उलटा प्रयोगही केला. मुळात या ग्राहीचे प्रमाण वाढवले, तर गाठींची संख्या वाढली.

इथे नत्राचा हिशेब मांडून पाहू. सोयाबीनला एक टन दाणे तयार करायला साधारण ८० किलो नत्र लागते. एकरी ८ क्विंटल उतारा धरला तर ६४ किलोंच्या आसपास. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र असते सुमारे २०.७ किलो, म्हणजे एकरी तीन गोण्या झाल्या. सोयाबीनला कुणी तीन गोण्या युरिया देत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी १२ किलो. उरलेले येते कुठून? काही मातीतून, आणि सरासरी निम्म्याहून थोडे अधिक गाठींतून. गाठी नीट बसल्या नाहीत तर ही तूट कुठेतरी दिसणारच. बहुतेक वेळा ती दाण्याच्या वजनात दिसते.

मग युरिया टाकला की गाठी का रोडावतात?

जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली, शेतात पाणी साचले, की सोयाबीन पिवळे पडते. पीक पिवळे दिसले की पहिला हात जातो युरियाच्या गोणीकडे. हे समजण्यासारखे आहे. पण विदर्भातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत या पिवळेपणाचे कारण पुष्कळदा नत्राचा अभाव नसतो. ओलाव्याने कोंडलेल्या मुळांना लोह मिळत नाही, म्हणून शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तर जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात. फरक पानाच्या जागेवरून कळतो. लोहाच्या कमतरतेवर युरिया टाकला तर खर्च तर होतोच, शिवाय मुळावरच्या गाठींनाही फटका बसतो.

तो का, याचेही उत्तर एका ग्राही कायनेजमध्ये आहे, आणि ते सापडले सोयाबीनमध्येच.

गाठ सांभाळणे झाडाला स्वस्तात पडत नाही. नायट्रोजनचा एक रेणू फोडायला किमान १६ एटीपी खर्ची पडतात. ती ऊर्जा पानांत तयार झालेल्या साखरेतून येते. त्यामुळे झाड गाठींची संख्या बेताची ठेवते. पुरेशा झाल्या की नव्यांना मनाई. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात पीटर ग्रेसहॉफ आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रॅग’ या सोयाबीन वाणात रसायनाने बदल घडवून अशी रोपे वेगळी काढली ज्यांना ही मनाई माहीतच नव्हती. मुळे गाठींनी लगडलेली, नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक. मातीत नायट्रेट भरपूर असले तरी गाठी येतच राहायच्या.

मग कलम करून पाहिले. बदललेल्या रोपाचा शेंडा नेहमीच्या मुळावर बांधला, तर नेहमीच्या मुळावरही बेसुमार गाठी आल्या. उलट, नेहमीचा शेंडा बदललेल्या मुळावर बांधला, तर गाठी आटोक्यात. म्हणजे मुळावर किती गाठी असाव्यात हे ठरत होते पानात! मूळ मातीत, कारभारी वर.

२००३ मध्ये त्या जनुकाची ओळख पटली. नाव पडले ‘नार्क’. हेही ग्राही कायनेजच. गाठी धरू लागल्या की मूळ एक इवलेसे पेप्टाइड तयार करते, जेमतेम डझनभर अमिनो आम्लांचे. ते पाण्यासोबत वर पानात जाते. पानातले नार्क ते टिपते, आणि पानाकडून मुळाला उलट निरोप जातो : आता पुरे. मातीत नायट्रेट वाढले की मुळात अशाच जातीचे दुसरे पेप्टाइड तयार होते आणि मुळातलेच नार्क ते टिपून गाठींना आवर घालते. झाडाच्या दृष्टीने हा शहाणपणाच आहे. आयते नत्र मिळत असेल तर साखर खर्चून गाठी पोसायच्या कशाला? युरियाची मूठ शेतात पडते तेव्हा झाडाला हाच निरोप मिळतो.

याच कारणाने पेरणीच्या वेळचे थोडे नत्र आणि नंतरचे जास्तीचे नत्र या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. गाठी कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. तोवर रोपाला आधार म्हणून पेरणीवेळची मात्रा असते.

मग नार्कच बंद करून टाकले तर? हा विचार तेव्हाच केला गेला. पण बेसुमार गाठींची ती रोपे लहान राहिली आणि उत्पन्नही घटले. सगळी साखर पाहुण्यांच्या सरबराईत गेली.

नार्कबद्दल आणखी एक गोष्ट. त्याचे सगळ्यात जवळचे भावंड अराबिडॉप्सिसमधले ‘क्लाव्हाटा-१’. ते ग्राही शेंड्याच्या टोकाशी पेशींचा पसारा आटोक्यात ठेवते. द्विदलांत मात्र याच घराण्यातल्या ग्राहीकडे गाठींचा हिशेब आला.

शत्रू ओळखण्याचे काम

ग्राही कायनेजची दुसरी मोठी जबाबदारी रोगराईशी संबंधित आहे. बहुतेक जिवाणूंना पोहण्यासाठी शेपटीसारखा तंतू असतो. तो ज्या प्रथिनाचा बनतो त्यातला अवघा २२ अमिनो आम्लांचा तुकडा झाडाला पुरतो. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातल्या थॉमस बोलर यांच्या गटाने २००० मध्ये त्याचे ग्राही, एफएलएस-२, शोधले. तुकडा चिकटला की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरते, तीव्र ऑक्सिडीकारक रसायने बाहेर पडतात आणि मग पेशीभित्ती जाड होऊ लागते. रायझोबियम कुळातल्या काही जिवाणूंनी आपल्या तंतूतला नेमका हाच तुकडा बदलून घेतला आहे. मुळाला त्यांचा संशय येत नाही.

विदर्भाशी थेट नाते असलेले उदाहरण भाताचे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात कडा करपा हा जिवाणूजन्य रोग ओळखीचा आहे. आफ्रिकेतल्या एका जंगली भातात त्याला दाद न देणारे जनुक आहे, एक्सए-२१. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी ते लागवडीच्या भातात आणले. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पामेला रोनाल्ड यांच्या प्रयोगशाळेने ते वेगळे काढले, आणि निघाले ग्राही कायनेज. वनस्पतींचा रोगप्रतिकार करणारे हे पहिलेच असे ग्राही हाती लागले होते.

हे ग्राही जिवाणूतले नेमके काय ओळखते, या प्रश्नाने मात्र पुढे दोन दशके खाल्ली. २००९ मध्ये रोनाल्ड यांच्या गटाने उत्तर मिळाल्याचे जाहीर केले. नंतर प्रयोगशाळेत आलेल्या नव्या संशोधकांना तेच प्रयोग जमेनात. शोध घेता जिवाणूंच्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्यांमध्ये अदलाबदल झाल्याचे आढळले. गटाने २०१३ मध्ये आपले निबंध स्वतःहून मागे घेतले, पहिल्यापासून काम केले आणि २०१५ मध्ये खरा रेणू, रॅक्स-एक्स, मांडला. चूक सापडली म्हणून ती लपवली गेली नाही, हे इथे नोंदवण्याजोगे आहे.

तोवर भारतीय शेतात या ग्राहीने काम सुरूही केले होते. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि सीसीएमबी या संस्थेने एक्सए-२१ सह तीन जनुके संकर पद्धतीने सांबा मसुरीत आणून ‘इम्प्रूव्ह्ड सांबा मसुरी’ हे वाण २००८ मध्ये दिले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘इम्प्रूव्ह्ड पुसा बासमती-१’ त्याच्या एक वर्ष आधीचे. दोन्ही वाणे जनुकीय परावर्तित नाहीत. पारंपरिक संकर आणि जनुकाचा माग काढणाऱ्या खुणा, एवढ्यावर ती तयार झाली.

अळीची चाहूलही झाडाला अशीच लागते. चवळीचे पान लष्करी वर्गातली अळी कुरतडते तेव्हा पानातले एक प्रथिन तिच्या पोटात तुटते. त्याचा तुकडा तिच्याच लाळेतून पुन्हा पानावर येतो. चवळी हा तुकडा ओळखते आणि प्रतिकार सुरू करते. हे ग्राही २०२० मध्ये सापडले. त्याला स्वतःचे कायनेज नसते, त्यासाठी ते शेजाऱ्याची मदत घेते. कपाशीतल्या बीटी प्रथिनाशी याची गल्लत करू नये. बीटी अळीच्या आतड्यात काम करते, झाडाला त्यातून काही ‘कळत’ नाही.

ज्वारी-गव्हालाही गाठी येतील?

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे आमिष मोठे आहे. तृणधान्यांना हवेतले नत्र घेता आले तर युरियाचा खर्च केवढा वाचेल! आरहूसच्या गटाने २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवले की कायटिन ओळखणाऱ्या ग्राहीच्या बाहेरच्या टोकाचे अगदी छोटे भाग बदलले तर ते नॉड फॅक्टर ओळखू लागते. २०२५ मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधात ते पेशीच्या आतल्या बाजूला वळले. तिथले अवघे दोन अमिनो आम्ल बदलून रोगप्रतिकाराचे ग्राही सहजीवनाच्या कामाला लावता येते, असे त्यांनी लोटसमध्ये दाखवले. जवातले ग्राहीही तसेच वळवता आले. चोराला हाकलणारा आणि पाहुण्याला घेणारा, यांच्यातले अंतर इतके कमी निघाले.

पण ग्राही बदलले म्हणजे गाठ आली असे नाही. गाठीचा अवयव घडवणे, तिच्यात ऑक्सिजन आटोक्यात ठेवणे, साखरेचा पुरवठा, हे सगळे ज्वारीत नव्याने बसवावे लागेल. केंब्रिजसह अनेक विद्यापीठांचा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प त्यावर बरीच वर्षे काम करतो आहे. खामगावच्या बाजारात असे बियाणे येण्याची वाट पाहत यंदाचे नियोजन करण्यात अर्थ नाही.

यंदाच्या शेतात काय पाहायचे?

बियाण्याला आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू, हा क्रम पाळावा. जिवाणू आधी लावले तर पाठोपाठ येणारे बुरशीनाशक त्यांना मारू शकते. पाकीट सोयाबीनचेच आहे का, मुदत किती आहे, दुकानात ते उन्हात पडलेले नव्हते ना, हे पाहावे. साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे एक पाकीट पुरते. जिवाणू लावलेले बियाणे उन्हात वाळवू नये आणि शक्यतो त्याच दिवशी पेरावे.

पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी शेताच्या चार-पाच ठिकाणची रोपे खुरप्याने मातीसकट उकरून काढावीत. उपटली तर गाठी मातीतच तुटून राहतात. मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत. सोटमुळाच्या वरच्या भागावर टपोऱ्या गाठी असतील तर जिवाणू पेरणीबरोबरच आत पोहोचले. त्यातल्या दोन-तीन गाठी नखाने फोडाव्यात. आतून गुलाबी-लालसर निघाल्या तर त्या नत्र देत आहेत. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नातलगाचा. पांढऱ्या असतील तर अजून कोवळ्या आहेत किंवा निकामी आहेत. हिरवट निघाल्या तर त्यांचे काम संपले आहे. गाठी गुलाबी आहेत आणि तरीही शेंड्याची पाने पिवळी दिसत आहेत, असे असेल तर युरियाची गोणी फोडण्याआधी साचलेल्या पाण्याला चर काढून द्यावा आणि पानाच्या शिरा पाहून लोहाच्या फवारणीबद्दल कृषी सहायकाला विचारावे.